बाबांच्या पानाचा फोटो

सोलापुरात फोटो काढणारे पायलीचे पन्नास मिळतील. पण ज्यानं काढलेला फोटो थेट परदेशात विकला गेला, असा शुक्रवार पेठेत मी एकटाच! हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढची हकीकत ऐकल्यावर तुम्ही माझ्या कलेबद्दल एक चांगला शब्द बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या घरचेही बोलत नाहीत.

मी अवधूत. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात कारकून आहे. दिवसभर मुलांच्या अर्जावरचे फोटो तपासायचे, हे माझं काम. ते चेहरे बघून बघून माणसांच्या फोटोवरचा माझा विश्वासच उडाला होता. अशात एके दिवशी मोबाइलवर एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "पदार्थांचे फोटो काढा आणि परदेशी साइटवर टाका. मासिकवाले, हॉटेलवाले, जाहिरातवाले, ज्याला लागेल तो विकत घेईल. तुम्ही झोपलेले असताना कमाई चालू!"

झोपेच्या बाबतीत माझी योग्यता घरात कुणीही नाकारणार नाही. म्हटलं, धंदा अगदी आपल्या मापाचा आहे! ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून त्याचा जुना कॅमेरा उचलला आणि घरात जाहीर करून टाकलं.

"फोटो कशाचे काढणार?" देवयानीनं विचारलं. देवयानी म्हणजे माझी बायको.

"तुझ्या स्वयंपाकाचे!"

"जेवताना कधी तोंडातून 'छान' निघालं नाही, आणि आता जगाला दाखवणार?"

"जगाला चव कुठं कळतीय? फोटोत मीठ कमी पडत नाही."

त्या रात्रीच्या आमटीत मीठ पडलंच नव्हतं. असो.

पहिला फोटो पाठवला तो शेंगाचटणीचा. सोलापूरकर दुसरं काय पाठवणार? साइटवाल्यांचं उत्तर आलं: 'विषय ओळखू येत नाही.' दुसरा पाठवला कडक भाकरीचा. उत्तर आलं: 'वस्तू तुटलेली आहे.' आता कडक भाकरी तुटलेली नसेल तर ती खायची कशी, हे त्या गोऱ्या लोकांना कोण सांगणार! तिसरा वाफाळत्या आमटीचा. त्यावर 'फोटो धूसर आहे' म्हणाले. अरे, वाफ आहे ती!

पण मी हरणारा नव्हे. फोटो सुधारायचा चंग बांधला. व्हिडिओ बघून बघून एकेक युक्ती शिकलो. उजेड समोरून नको, खिडकीतून बाजूनं हवा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करायचा, म्हणजे सावली पातळ होते. वांग्यांना ब्रशनं तेल लावायचं. कोथिंबिरीवर ग्लिसरीनचे थेंब सोडायचे, ती तासन्तास ताजी दिसते. आमटीतल्या फोडी तळाला बसतात, म्हणून वाडग्यात आधी एक वाटी पालथी घालायची. आणि वाफ नीट दिसायला हवी तर गरम पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पदार्थाच्या मागं दडवायचा.

वाटीचं मी आईला सांगायला विसरलो. तिनं आमटीत पळी घातली तर ठण्ण!

"अवधूत, आमटीत वाटी उकडलीय की रे!"

कापसाचं सांगायलाही विसरलो. त्या दिवशी पाळी इडल्यांची होती. आई बराच वेळ काहीतरी चावत बसली आणि शेवटी म्हणाली, "देवयानी, राग मानू नकोस, पण ही एक जरा चिवट झालीय."

घरात एक नवा नियम आला. फोटो निघाल्याशिवाय कुणी ताटाला हात लावायचा नाही. पोळ्या वातड व्हायच्या, भात थिजायचा, आणि मी स्टुलावर उभा राहून "जरा थांबा की, उजेड येतोय!" म्हणत असायचो. आई सुस्कारा सोडून म्हणायची, "ह्यांच्या घरात गार अन्न! हे असते तर कॅमेरा तळ्यात गेला असता."

'हे' म्हणजे माझे बाबा. बाबा वारले, पण त्यांचं एक वाक्य घरात अजून जिवंत आहे: "गरम आहे तोवर गिळा!" ताटावर बसून गप्पा मारणाऱ्याला ते सरळ उठवायचे. त्यांच्यासारखा तापट माणूस पेठेत दुसरा नव्हता, आणि भाकरी तव्यावरून थेट पानात पडली की त्यांच्यासारखा लोभस माणूसही नव्हता. मला त्यांची फार आठवण येते. तेही असो.

तर पितृपक्ष आला आणि बाबांची तिथी आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळं रीतसर असतं. चिंतामणी गुरुजी येतात. आई आणि देवयानी सकाळपासून सोवळ्यात. वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, अळूची भाजी, कारलं, भोपळा, कढी, पाटवड्या! वर्षभर आमच्या घरात एवढे रंग एका पानावर कधी येत नाहीत. मग कावळ्याचं पान गच्चीवर न्यायचं. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही, गुरुजींनीसुद्धा नाही, हा आमच्याकडचा दंडक.

आईनं पान वाढलं. मी वर आभाळाकडं बघितलं. पातळ ढग! पदार्थाच्या फोटोला याच्याहून चांगला उजेड पैसे देऊन मिळत नाही.

"आई, आज पान मी नेतो वर."

आईचे डोळे भरून आले. "ने बाळा. वडिलांचं मुलानंच करावं."

वर पाण्याच्या टाकीमागं मी सकाळीच कॅमेरा आणि थर्माकोल लपवून ठेवला होता! आईनं वर येऊन पानाभोवती भस्माची रेघ ओढली, काळे तीळ टाकले, दर्भाची काडी ठेवली आणि खाली गेली. मी धोतर खोचलं आणि गुडघ्यावर बसलो. पहिला फोटो घेणार, तेवढ्यात समोरच्या कठड्यावर टपकन आवाज झाला. कावळा! तोही थेट वड्याकडं बघत!

आता दरवर्षी आम्ही ज्याची घसा कोरडा करून वाट बघतो, तो ह्या वर्षी न बोलावता आला होता. पण त्यानं चोच मारली असती तर माझी सगळी मांडणी विस्कटली असती!

"हाड! हाड की! थांब जरा!"

कावळ्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. नजर ओळखीची वाटली. मग तो उडाला आणि शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन त्यांचा वडा खाऊ लागला.

मी फोटो काढले. वरून काढले, बाजूनं काढले, वड्यावर ग्लिसरीनचे दोन थेंब सोडून काढले. मग सामान लपवलं आणि "काव, काव!" सुरू केलं. कावळा काही येईना. पितृपक्षात आमच्या पेठेतल्या कावळ्यांना घरटी आमंत्रण. दुपारपर्यंत त्यांना उडवत नाही, ते काय येणार? तास झाला. आई वर आली, देवयानी आली, मागून गुरुजी आले.

"अवधूतराव, मला अजून एका घरी जायचंय," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज खोल गेला होता.

"ह्यांची काहीतरी इच्छा राहिलीय," आई म्हणाली आणि पानाजवळ जाऊन बोट लावून बघितलं. "गार पडलंय. गार अन्नाला हे शिवणार आहेत होय? अवधूत, तुझ्या त्या फोटोपायी घरात रोज गार जेवतोय आम्ही. वचन दे त्यांना, की घरातल्या पानाचा पुन्हा फोटो काढणार नाही म्हणून!"

"कमी काढीन," मी आभाळाकडं बघून म्हणालो.

एक कावळा लांबूनच वळून गेला.

"फक्त रविवारी काढीन."

गुरुजी कठड्याला टेकून खाली बसले.

"बरं बाबा! ह्यापुढं घरातल्या पानाचा फोटो काढणार नाही! झालं?"

म्हणायचा अवकाश, तो मघाचाच कावळा झपकन आला, वडा उचलला आणि गेला. आई रडली. गुरुजी तर पळतच खाली गेले.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर मी सुधारलो असेन. सुधारलो की! वचन 'ह्यापुढं'चं होतं. काढून झालेल्या फोटोबद्दल बाबा काही बोलले नव्हते.

तो फोटो साइटवर टाकताना एक अडचण आली. फोटोबरोबर शोधशब्द द्यावे लागतात, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडतो. आता 'श्राद्ध' असं लिहिलं तर घेणार कोण? कुठल्या हॉटेलवाल्याला आपल्या दारात श्राद्ध लावायचंय? मी विचार केला आणि लिहिलं: लग्न, सण, शुभ, आनंद, पारंपरिक भोजन, सुखी कुटुंब. खोटं काय त्यात? कुटुंब होतंच. सुखी नव्हतं, भुकेलं होतं.

फोटो पास झाला! लगेच विकलाही गेला! त्याचे मिळाले किती, ते विचारू नका. चहा आला असता, बरोबर खारी आली नसती. पण प्रश्न पैशाचा नसतोच. मी ऑफिसात पेढे वाटले, ते खिशातून. देवयानीला फोटो दाखवला.

तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "अहो, हे बाबांचं पान!"

"पान बाबांचं. फोटो माझा."

"आईंना कळलं तर?"

"आई काय परदेशी मासिकं वाचते?"

इथं माझ्या सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. रामहरीअण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. मला 'अवधूतराव' म्हणतात, पण त्यातला 'राव' असा उच्चारतात, की मला गृहपाठ विसरल्यासारखं वाटतं. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. पेढा देऊन फोटोचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "असं होय? मग नोकरी चालू आहे ना अजून?"

मार्गशीर्षात माझ्या मेव्हणीचं, चेतनाचं, लग्न ठरलं. नवरा मुलगा आशिष, माढ्याचा. माणसं चांगली, पण रीतिरिवाजाला कडक. सासऱ्यांनी मला बोलावून घेतलं.

"अवधूतराव, तुमच्याकडं एकच काम देतो. जेवणाचं कंत्राट आणि दारातला फ्लेक्स. एवढं तरी नीट होईल ना? चेतनाच्या सासरची माणसं पहिल्यांदा येणार. नाव जाता कामा नये."

म्हटलं, हीच वेळ! ह्या माणसाच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायचंच! कंत्राट मी धुळाप्पाला दिलं. धुळाप्पाच्या हातची जिलबी खाल्ली की माणूस डॉक्टरचं सांगणं विसरतो.

"धुळाप्पा, दारात मोठा फ्लेक्स पाहिजे. केळीचं पान, सगळे पदार्थ वाढलेले, एकदम पारंपरिक."

"काळजीच करू नका की सायेब! असा बोर्ड लावतो, लोकं दारातच ढेकर देत्याल! नव्या पेठेत आमचा शरणबसव हाय, फ्लेक्सवाला. त्यो नेटवरनं फोटू काढतो. विकत घिऊन हां! चोरून न्हाय!"

"शाब्बास!" मी म्हणालो. दुसऱ्याच्या कलेचे पैसे देणाऱ्याबद्दल मला आता आदर वाटू लागला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी होटगी रोडवरच्या कार्यालयापाशी रिक्षातून उतरलो आणि जागच्या जागी खिळलो. दारावर दोन मजले उंच फ्लेक्स. 'चि. आशिष आणि चि. सौ. कां. चेतना यांच्या शुभविवाहास आपले हार्दिक स्वागत!' आणि त्याखाली माझा फोटो!

माझा! परदेशात जाऊन परत सोलापूरला आलेला! वडा बैलगाडीच्या चाकाएवढा. ग्लिसरीनचे दोन थेंब कलिंगडाएवढे. काय तो उजेड, काय ती झळाळी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कसा हाय?" धुळाप्पा छाती काढून उभा होता. "शरणबसवनं 'लग्न, शुभ, पारंपरिक' आसं टाकलं आन् पयलाच ह्यो आला. भवतीनं रांगोळी बी हाय बघा की!"

ती रांगोळी नव्हती, भस्माची रेघ होती. धुळाप्पा काय आणि शरणबसव काय, दोघांच्या घरांत ही कावळ्याची रीत नाही. त्यांना कसं कळावं? मला मात्र चांगलं कळत होतं. देवयानीनं माझा हात एवढा घट्ट धरला की घड्याळ रुतलं.

"अहो, उतरवा तो! आत्ताच्या आत्ता!"

मी उतरवणारच होतो. खरंच सांगतो! पण तेवढ्यात सासरे बाहेर आले. चष्मा घरी राहिलेला. डोळे बारीक करून वर बघितलं आणि म्हणाले, "वा! झकास फोटो आहे! कुणाचा?"

वा! झकास! एवढी वर्षं ज्याची वाट बघितली तेच शब्द! तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

"माझा आहे, अण्णा."

"तुमचा? तो परदेशातला?" सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास अवधूतराव! मी उगीच तुम्हाला..." मला तेवढंही पुरलं. मग ते दारातच उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. "आमच्या जावयांचा फोटो! परदेशात गेलेला!" लोक फ्लेक्सखाली उभे राहून माझ्याबरोबर सेल्फी काढू लागले. मी हळूहळू फ्लेक्स उतरवायचं विसरलो.

माढ्याहून वऱ्हाड आलं. सगळ्यांत आधी उतरल्या आशिषच्या आत्याबाई. ठसठशीत कुंकू, हातात काठी. काठी आधाराला नव्हती. त्या फ्लेक्ससमोर थांबल्या आणि वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं.

"आमच्या थोरल्या जावयांचा फोटो!" सासरे अभिमानानं म्हणाले.

"असं होय. जावईबापू, ह्या पानात मीठ कुठाय?"

"मीठ?" मी म्हणालो.

"चटणी दिसतीय, कोशिंबीर दिसतीय. मीठ वाढलेलं नाही. खिरीशेजारी वडा आहे. ही रांगोळी म्हणावी तर भस्म दिसतंय. हे काळे तीळ. आणि ही काडी कसली हो? कोथिंबिरीची?"

दर्भाची काडी फ्लेक्सवर विजेच्या खांबाएवढी दिसत होती.

"कुणाची तिथी होती?" आत्याबाईंनी काठी आपटली.

"वडिलांची," माझ्या तोंडून निघून गेलं.

मागून आईचा आवाज आला. "अगं बाई! ही तर आपल्या गच्चीवरची टाकी!" ती पुढं आली, फोटोकडं बघत राहिली आणि मग माझ्याकडं वळली. "म्हणजे म्हणून ते पान गार झालं होतं होय रे?"

पुढचा गोंधळ काय वर्णावा! लग्नाच्या दारात श्राद्धाचं पान! वऱ्हाडातल्या बायका टेम्पोत परत चढू लागल्या. आशिषचे वडील म्हणाले, "हे स्वागत आहे की निरोप?" सासऱ्यांनी चेहरा असा केला, की शाळेतले जुने विद्यार्थी असते तर पळून गेले असते.

"झाका! आधी तो झाका!"

आहेराला आणलेल्या सोलापुरी चादरी होत्या. मी आणि धुळाप्पानं शिडी लावून त्या भराभर टांगल्या. वडा झाकला तर खीर उघडी, खीर झाकली तर वडा. कसंबसं झालं एकदाचं, आणि मी घाम पुसून पाण्याची बाटली मागितली. बाटलीच्या लेबलवर बाबांचं पान होतं!

"धुळाप्पा!"

"फोटू विकतच घेतला व्हता, सायेब. मग म्हनलं वसूल करू की!"

त्यानं पुरेपूर वसूल केला होता. बाटल्यांवर पान. आइस्क्रीमच्या काउंटरवर पान. वाढप्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर पान! वीस वाढपी पाठ करून वळले की वीस श्राद्धं दिसायची. "सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहा!" मी ओरडलो, तोच स्टेजमागचा मोठा पडदा उजळला. आधी चेतना आणि आशिष, हातात हात घालून. त्यांच्यामागोमाग बाबांचा वडा.

मुहूर्त जवळ आला होता. चेतना पिवळ्या साडीत दाराआडून सगळं बघत होती. तिची मुंडावळ थरथरत होती. "भाऊजी," ती एवढंच म्हणाली, आणि मला पहिल्यांदा खरोखर लाज वाटली. पोरीचं लग्न मोडलं तर मी कुठल्या तोंडानं घरी जाणार होतो?

वाचवलं चिंतामणी गुरुजींनी. लग्न लावायला तेच होते. त्यांनी पडद्याकडं बघितलं, थोडा वेळ डोळे मिटले, कदाचित ती भूक आठवली असेल, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अहो आत्याबाई, लग्नाआधी नांदीश्राद्ध करतोच ना आपण? सकाळीच झालंय इथं. पितरांना बोलावल्याशिवाय शुभकार्य होत नाही. ते आले, एवढंच. जरा मोठ्या आकारात आले."

आत्याबाईंनी काठी खाली टेकवली. शास्त्रापुढं त्यांचं काही चालेना. "ठीक आहे. लग्न लागू दे. पण पितर आलेत ना? मग आधी त्यांचं पान. कावळा शिवेपर्यंत मी जेवणार नाही."

"मीही नाही," आई म्हणाली, आणि त्या दोघी एकमेकींशेजारी जाऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या, पण अशा बसल्या की जणू मैत्रिणी!

लग्न लागलं. अक्षता पडल्या. आणि मग पंगत अडली. घरातल्या सगळ्यांत मोठ्या दोघी उपाशी असताना घास कोण घेणार? पाचशे माणूस रिकाम्या ताटांपुढं बसून माझ्याकडं बघू लागलं. जिलबीचा वास सुटलेला, आणि वाढपी भिंतीला चिकटलेले.

मी पान घेऊन कार्यालयाच्या गच्चीवर गेलो. मागोमाग आई, आत्याबाई, सासरे, देवयानी, धुळाप्पा आणि मोबाइल उंच धरलेलं अर्धं वऱ्हाड. आभाळात एक पक्षी नाही! पितृपक्षात शुक्रवार पेठेत कावळे मिळतात. मार्गशीर्षात होटगी रोडला कोण येतंय?

"आमच्यात आसलं नसतंय," धुळाप्पा कुजबुजला. "काय म्हनायचं आसतंय?"

"काव काव म्हण."

धुळाप्पानं भट्टीवरच्या आवाजात अशी हाळी दिली, की खाली नवरदेवाची घोडी उधळली. कावळा मात्र आला नाही.

"बाबा, कॅमेरा विकून टाकतो!" मी म्हणालो. काही नाही. "साइटवरून फोटो काढून टाकतो!" काही नाही. "रोज स्वयंपाकाला छान म्हणेन!" देवयानीनं मान वर करून आभाळात बघितलं. तरी काही नाही.

खालून चेतना ओरडली, "भाऊजी, पहाटेपासून उपाशी आहे मी! कावळा आणा, नाहीतर मी वर येते!"

सासरे माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता छडी. पण ते हळूच म्हणाले, "अवधूतराव, वचनं पुरे झाली. वडिलांशी सरळ बोला."

मी पानापुढं बसलो. धुळाप्पानं भात नुकताच वाढला होता, त्यातून वाफ येत होती. कापसाची नव्हे, खरी.

"बाबा, चुकलो. त्या दिवशी तुम्ही पहिल्या झटक्यात आला होता आणि मी तुम्हाला हाकललं. फोटोसाठी. आज मी ह्या पानाला काही केलेलं नाही. गरम आहे तोवर जेवा."

हात जोडून मी रडत होतो, हे मला नंतर कळलं. पंखांचा आवाज आला. कुठून आला कोण जाणे, पण एक काळाभोर, दांडगा कावळा पानावर उतरला. त्यानं भात सोडला, भाजी सोडली आणि थेट जिलबीवर चोच मारली!

"अहो, साखर आहे तुम्हाला!" आई ओरडली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बरं, एकच घ्या हो!"

कावळ्यानं दोन घेतल्या. गच्चीवर टाळ्या पडल्या. खाली पंगत बसली आणि पाचशे माणूस असं जेवलं, की धुळाप्पाला दोनदा जिलबी तळावी लागली. आत्याबाईंनी मला आपल्या शेजारी बसवून आग्रहानं वाढलं. चेतना सुखानं माढ्याला गेली. सासरे निघताना म्हणाले, "अवधूतराव, पुढच्या वेळी तुमच्याकडं फक्त अक्षता वाटायचं काम." पण ह्या वेळचा 'राव' जरा बरा लागला कानाला.

कॅमेरा विकला. घरात गरम जेवतो. स्वयंपाकाला रोज छान म्हणतो. आई अजून अधूनमधून आमटीत पळी घालून तळ तपासते, पण ते चालायचंच.

परवा नव्या पेठेत गेलो होतो. शरणबसवच्या दुकानापुढं नवा फ्लेक्स सुकत होता. कुठल्याशा संस्थेचा, 'पक्षी वाचवा!' म्हणून. त्यावर मी होतो! हात जोडलेला, नाक लाल, गालावर अश्रूंचे ओघळ, आणि समोर जिलबी घेऊन उडणारा कावळा.

"ह्यो भारी खपतोय, सायेब," शरणबसव म्हणाला. "माढ्याच्या कुण्या पावन्यानं मोबाइलवर काढून त्या परदेशी साइटवर टाकलाय. तुमच्या पानापेक्षा लई जास्त लोकांनी घेतलाय म्हनं."

"शोधशब्द काय टाकलेत त्यानं?" मी विचारलं.

शरणबसवनं मोबाइल काढून वाचलं, "लग्न, आनंद, सुखी जावई."

जवळ जाऊन बघितलं. उजेड बाजूनं आला होता, सावली पातळ होती, आणि अश्रूंचे थेंब ग्लिसरीनच्या थेंबांपेक्षा कितीतरी चांगले उठले होते.